पॉइंट झिरो सात

नयनला पोलिसात जायचं होतं आणि पोलिसात मुलींना एकशे पंचावन्न सेंटीमीटर उंची लागते. बाकी सगळं तिच्याकडे होतं. धावणं होतं, गोळाफेक होती, आवाज तर असा की खालच्या मजल्यावरचा कुत्रा गप्प बसायचा. प्रश्न फक्त उंचीचा होता आणि डोंबिवलीतल्या त्यांच्या घरात ती दर वेळी वेगळी भरायची.

मोजायला होता आईचा ब्लाउज शिवायचा टेप. मऊ पडलेला, बारीक रेघा पुसून गेलेल्या, अर्ध्या सेंटीमीटरच्या खुणा तेवढ्या दिसायच्या. आईने दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं की पंचावन्न. वडिलांनी मोजलं की कधी पंचावन्न, कधी साडेचोपन्न. आवडाआत्याने मोजलं की हमखास साडेपंचावन्न, कारण आत्या वर आडवी धरलेली पट्टी डोक्याला टेकवायचीच नाही. एवढ्या गुणी पोरीला दाबायची कशाला, म्हणायची.

तेव्हा नयन दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. डॉक्टर तिला पर्मनंट करणार होते. भरतीची तयारी म्हणजे पहाटे मैदान, संध्याकाळी क्लास, म्हणजे नोकरी सुटणार. आणि वयाच्या हिशोबाने एकच भरती हाताशी राहिलेली. तिने वडिलांना सांगितलं, पप्पा, तुम्ही लॅबवाले आहात, तुम्ही नक्की आकडा द्या. भरत असेन तर सोडते.

विश्राम, म्हणजे तिचे वडील, एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये होते. तिथे त्यांची दहशत. कुणी कॅल्क्युलेटरवरचे सगळे आकडे रिपोर्टात उतरवायला लागलं की ते त्याच्या हातातलं पेन काढून घ्यायचे. काटा पॉइंटनंतर एकच आकडा दाखवतो ना, मग तू चार कुठून आणलेस, असं विचारायचे. कॅल्क्युलेटर आकडे फुकट देतो म्हणून घ्यायचे नसतात. मोजलंय त्यापेक्षा जास्त माहीत असल्याचं सोंग करायचं नाही, हा त्यांचा धर्म. बाकी देवळात ते फारसे जायचे नाहीत.

तर या माणसाने त्या रविवारी घरातली सात मापं घेतली, आत्याची दोन्ही धरून. बेरीज केली, साताने भागली आणि स्क्रीनवर जे आलं त्याकडे बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "एकशे पंचावन्न पॉइंट झिरो सात."

नयनने सोमवारी राजीनामा दिला.

दोन वर्षं ती धावली. आठशे मीटरला क्लासच्या मुलींत पहिली यायची आणि क्लासचे सर तिला आत्ताच मॅडम म्हणायला लागलेले.

भरती जवळ आल्यावर दौलतकाकाने मोबाइलवरून ज्ञान मिळवलं की माणूस सकाळी अंथरुणात सगळ्यात उंच असतो. उभा राहिला की मणका दबतो, दिवसभरात सेंटीमीटरभर उंची जाते. पॉइंट झिरो सात शिल्लक असताना हे परवडणारं नव्हतं. ठरलं असं की नयनने उठायचंच नाही. काकाचा गाद्या पोचवायचा टेम्पो होता. तिला झोपल्या जागेवरून गादीसकट उचलायचं आणि थेट ठाण्याच्या मैदानावर उतरवायचं.

उजाडता उजाडता चौघांनी गादी जिन्यावरून उतरवली. वळणावर ती अडकली, म्हणून पायाकडची बाजू कठड्यावरून बाहेर काढावी लागली. शेजारची गंगुबाई दुधाची पिशवी घ्यायला दार उघडून उभी. तिने एक नजर टाकली, पदर तोंडाला लावला आणि कधी गेली म्हणून विचारलं. नयन झोपल्या झोपल्या म्हणाली, "अजून गेले नाही हो काकू. आठला रिपोर्टिंग आहे."

कोपरीला सिग्नलवर टेम्पो थांबला. मागे आडवी नयन, उशाशी टोपलीत केळी घेऊन आवडाआत्या, पायाशी मान खाली घातलेले विश्राम. ट्रॅफिकच्या हवालदाराने आत डोकावलं, टोपी काढली आणि रस्ता मोकळा करून दिला. पुढे गेल्यावर आत्याने सांगितलं, बघ गो बाय, आत्तापासूनच मान देतायत. नयन एवढी हसली की विश्राम घाबरले. हसताना ती आखडत होती.

मैदानावर पोचले तर रांग गेटबाहेर गेलेली. एवढी निगुतीने आणलेली उंची उन्हात अडीच तास उभी राहिली. आत्याने चटई अंथरून आडवं व्हायला सांगितलं. नयनने नकार दिला. म्हणाली, पोलीस व्हायला आलेय, पेशंट नाही.

आतलं मशीन डिजिटल होतं. एकशे चोपन्न पॉइंट सहा. नयनने पुन्हा मोजा म्हणून विनंती केली. मापवाल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी तिची हनुवटी स्वतःच्या हाताने सरळ केली, श्वास घ्यायला सांगितलं, केस सारखे केले. एकशे चोपन्न पॉइंट सहा.

उंचीत बसलं नाही की पुढे सोडत नाहीत. पांढरी आखणी केलेला ट्रॅक तिथून दिसत होता. दोन वर्षं ती जे धावली, ते कुणी मोजलंच नाही.

परतताना आत्या पुढे काकाजवळ बसली. मागे गादीवर बाप आणि लेक.

मुंब्र्याजवळ नयनने शांतपणे विचारलं, "टेपवर अर्धा सेंटीमीटर दिसतो. झिरो सात कुठून आलं?"

"भागाकारातून."

"लॅबमध्ये असं कुणी लिहिलं असतं तर?"

"हाकलला असता."

"मग मला का सांगितलंत?"

विश्राम गादीची शिवण बोटाने चाचपत राहिले. "खरं सांगायचं तर, पंचावन्न भरेल किंवा नाही भरणार, एवढंच मला माहीत होतं," ते म्हणाले. "हे सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली नसतीस. आणि तू दारात अशी उभी होतीस ना, टाचा जोडून, छाती काढून. मला नाही म्हणवेना. नुसतं पंचावन्न म्हटलं असतं तर तुला शंका आली असती. म्हणून पुढचे आकडेपण सांगितले. आकडे जास्त असले की माणूस विश्वास ठेवतो. मीसुद्धा ठेवला."

"दवाखान्यात माझ्या जागेवर आता दुसरी आहे, पप्पा."

"माहितीय."

ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

एवढ्यात घरून देवयानीचा, नयनच्या आईचा, फोन आला. सकाळपासून ती देवापुढे बसलेली. विश्रामनी फोन कानाला लावला आणि तिने काय विचारलं ते शेजारी नयनलाही ऐकू आलं. किती भरली?

"एकशे चोपन्न," विश्राम म्हणाले.

नयनने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"पॉइंट सहा, आई," ती म्हणाली. "मशीनने दोनदा दिलंय. तेवढं खरंच माझं आहे." आणि मग तिला पहिल्यांदा रडू आलं.