यक्षराजा उघडा पडला तेव्हा

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. पण दुकानातला गुळगुळीत कॅट समजाल तर गाठ माझ्याशी आहे! भिवपुरीजवळच्या एका घरात, जुन्या लग्नपत्रिका कापून पौर्णिमानं मला बनवलं. ती अंगणवाडीत शिकवायची. तिनं माझ्यावर यक्ष, नाग, परी आणि राक्षस असे चार रंग काढले. प्रत्येक रंगाची तेरा पानं. राक्षस कायमचा हुकूम. मात्र राक्षसराजाला परीची दुर्री मारते, ही तिचीच गंमत.

खेळ सोपा आहे. चौघं बसतात, समोरासमोरचे भिडू. उतारी ज्या रंगाची, त्या रंगाचं पान असेल तर द्यायचंच. नसेल तरच हुकमानं कापायचं, नाहीतर एखादं फालतू पान टाकायचं. मोठं पान ज्याचं, हात त्याचा. तेरातले सात हात करील ती जोडी जिंकली.

पौर्णिमाची भिडू तिची लेक हर्षला. विरुद्ध नवरा प्रबुद्ध आणि सासरे सखाराम. प्रबुद्ध म्हणजे महाखट! स्वतःच्या बापालाही एक हात फुकट सोडायचा नाही. जेवणं झाली की रोज माझी आठवण व्हायची. काय कौतुक होतं माझं तेव्हा!

मग पौर्णिमाच्या पोटात दुखायला लागलं. प्रबुद्ध पनवेलहून रिपोर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "अल्सर हाय. औषधानं जाईल." त्या दिवसापासून पौर्णिमा रोज जिंकायला लागली. मला सगळं दिसत होतं. तिच्या पानावर तो मोठं पान असूनही देत नव्हता. पण पत्त्यांना कुठलं आलंय तोंड?

पंधराव्या दिवशी पौर्णिमानं यक्षाची दश्शी उतरली. प्रबुद्धनं नागाची तिर्री टाकली. हात पौर्णिमाचा झाला. पण शेवटच्या हाताला एकच पान उरतं, ते लपवणार कुठे? त्यानं ते खाली ठेवलं आणि हर्षला ओरडली, "पप्पा! यक्षराजा तुमच्याकडं होता! मग आईच्या दश्शीवर नाग का टाकलात?"

सखारामांनी मान खाली घातली. पौर्णिमानं यक्षराजा उचलून हातात घेतला.

"अहो," ती म्हणाली, "डॉक्टर काय बोलले?"

"अगं, चुकून पडलं पान..."

"तुमचं पान कधी चुकून पडत नाय. मला किती दिवस हायत?"

प्रबुद्ध ढसाढसा रडला. "दोन महिने म्हणाले गं. तुला सांगायला माझी जीभच उचलंना."

"दोन महिने!" तिचा आवाज चिरला. "त्यातले पंधरा दिवस तुमी मला खोटं जिंकवलंत? हर्षलाला किती सांगायचं राहिलंय माझं!"

दुसऱ्या दिवसापासून ती हर्षलाला जवळ घेऊन बोलत बसायची. भाकरी थापायला शिकवलं, वयात येताना काय होतं ते सांगितलं. दमली की मला मागायची. "आता खरं खेळायचं," असं तिनं नवऱ्याला बजावलं होतं. एका डावात प्रबुद्धनं तिचे सात हात खाल्ले, तेव्हा ती महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर हसली. पुढे भातकापणीच्या आधीच ती गेली. सांगायचं बरंच राहून गेलं.

आता मी कपाटावर बिस्किटाच्या डब्यात असतो. कसर लागून माझ्या कडा झडल्यात. परवा हर्षलानं मला खाली काढलं आणि सवयीनं चार वाटे केले. चौथा वाटा हातात धरून ती रडली आणि मला पुन्हा डब्यात ठेवलं.

मित्रांनो, आम्हाला कोरड्या जागी ठेवा, मधूनमधून खेळा, पान फाटलं तर चिकटपट्टी लावा. पण माणूस दुखावेल म्हणून रंगाचं पान दडवू नका. पौर्णिमाच्या हातात मोजकेच दिवस होते. त्यातले पंधरा आम्ही तिला जिंकवण्यात घालवले.