पडद्याखालचे पाय

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी पहिली व्यक्ती साडेपाच वर्षांची होती. ती म्हणजे माझी मुलगी. तिच्या बालवाडीत शेवटच्या दिवशी पदवीदान समारंभ करतात. काळा झगा, चौकोनी टोपी, टोपीला गोंडा, सगळं साग्रसंगीत. मी स्वतः बारावीत दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि चपला-बुटांच्या दुकानात लागलो, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. त्यामुळे या प्रकाराचं मला हसू यायचं आणि खरं सांगायचं तर छातीही थोडी फुगायची.

दुकानात मी लहान मुलांचा विभाग सांभाळतो. मुलाला स्टुलावर बसवायचं, आपण खाली गुडघे टेकायचे, टाच पट्टीला लावून माप घ्यायचं, बूट चढवला की अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना ते दाबून पाहायचं. फुशारकी म्हणून सांगत नाही (फुशारकीच आहे), पण मूल दारातून आत आलं की मी लांबूनच नंबर सांगतो. मालक पाहुण्यांसमोर मला हा खेळ करायला लावतात. आजवर अर्ध्या नंबराच्या वर चुकलेलो नाही.

म्हणून मुलीने जेव्हा सांगितलं की यंदा समारंभात बाबा लोकांसाठी एक खेळ आहे, तेव्हा मला गंमत वाटली. मुलं पडद्यामागे उभी राहणार, पडदा घोट्यापर्यंत, खाली फक्त अनवाणी पाय. प्रत्येक बाबाने आपलं मूल पायांवरून ओळखायचं, मग ते बाहेर येणार आणि बाबाच्याच हातून प्रमाणपत्र घेणार. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. तिनेही वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझा बाबा डोळे मिटून ओळखेल. पण त्या दिवशी सकाळी दूध पिताना तिने पेला मध्येच खाली ठेवला.

"बाबा, नक्की ओळखशील ना?"

"अगं, निम्म्या गावाचे पाय ओळखतो मी. तुझे नाही ओळखणार?"

ती हसली नाही. "चुकलास तर सगळे हसतील," ती म्हणाली.

"मला?"

"मला पण."

बालवाडीचा हॉल म्हणजे एक मोठा वर्ग, मधलं लाकडी पार्टिशन सरकवून मोकळा केलेला. पालकांना बसायला मुलांच्याच खुर्च्या. माझी बायको तिसऱ्या रांगेत गुडघे हनुवटीला लावून बसली होती, हातात चित्रण करायला फोन. मुलांचे बूट एका प्लॅस्टिकच्या टबात झाकून ठेवलेले, कुणाला सुगावा लागू नये म्हणून. बाई माइक हातात घेऊन नियम सांगत होत्या. मुलांनी हलायचं नाही, खुदुखुदु हसायचं नाही, बाबांनी हाक मारायची नाही.

पहिला नंबर एका बेकरीवाल्याचा लागला. त्याने दोन पावलांत मुलगा पकडला, कारण त्याच्या नडगीखालच्या खरचटलेल्या जागेला सकाळी त्यानेच मलम लावलं होतं. दुसरा एक बसचालक होता. तो सरळ जमिनीवर आडवा झाला, तेव्हा एका जोडीची बोटं हसू आवरेना म्हणून वळवळायला लागली, की झालं. मग मी उठलो. चालतानाच हाताच्या बाह्या वर केल्या, दुकानात करतो तशा. मागून कुणीतरी म्हणालं की हे बुटांच्या दुकानातले, यांचं काय, लगेच सांगतील.

मी पडद्यापुढे गुडघे टेकले आणि मला काहीच कळेना.

दुकानात पाय एकटा कधी येत नाही. त्याच्याबरोबर चेहरा असतो, आई असते, रडणं असतं. इथे निळ्या कापडाखाली नुसते वीस पाय ओळीने उभे. म्हटलं, घाबरायचं कारण नाही, आपल्या पद्धतीने जाऊ. नंबर लावू. मुलीचा नंबर अकरा. डावीकडून बारा, दहा, अकरा, साडेबारा, पुन्हा अकरा, तेरा, आणि शेवटून दुसरी जोडी अकरा. म्हणजे तिघांतली एक. इथवर सोपं होतं.

पहिल्या अकराचे तळवे सपाट होते. माझ्या मुलीचे सपाट आहेत का? दुसऱ्या अकराचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. तिचं तसं आहे का? तिसऱ्याच्या घोट्यावर तीळ. मी आठवायला लागलो. आठवत होते ते भलतेच पाय. औषधाच्या दुकानदाराच्या नातीचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे. शेजारच्या सोसायटीतल्या जुळ्यांपैकी एकाची करंगळी आत वळलेली आहे. घरचे पाय काही केल्या डोळ्यांपुढे येईनात. सकाळी मी निघतो तेव्हा तिच्या पायांत मोजे असतात, परत येतो तेव्हा पांघरूण. अंघोळ आईकडे. मग मी तिला अनवाणी कधी पाहिली होती?

 वेळ काढायला म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सरकत गेलो आणि त्या साडेबाराच्या जोडीशी थांबलो. ती मघाशी नुसती मोजली होती, आता नीट पाहिली. बोटं एकमेकांवर चढलेली, करंगळीचं नख काळं पडलेलं, टाचेवर लाल वळ. माझं टाळकंच सडकलं. असली माणसं दुकानात आली की मी तोंडावर बोलतो. इथेही राहवलं नाही. मी बाईंकडे वळून हळूच म्हणालो, "या मुलाच्या आईबापांना जरा समज द्या. दीड नंबर लहान बूट घालताहेत पोराला."

हळूच म्हणालो खरा, पण माइक बाईंच्या हातात होता. सगळ्या हॉलने ऐकलं. लोक हसले. पडद्याखालची ती दहा बोटं मात्र आत दुमडली गेली.

मी बायकोकडे पाहिलं. तिने फोन खाली ठेवला होता आणि ती स्वतःच्या मांडीकडे बघत होती. मला वाटलं, मी जास्त बोललो म्हणून रागावली. मी घाईने पुढे सरकलो आणि लांब बोटाच्या अकराला हात लावला, कारण माझ्या वडिलांचं बोट तसं होतं.

पडदा उचलला गेला. दोन वेण्या घातलेली, पुढचा दात पडलेली एक मुलगी माझ्याकडे आदराने बघत म्हणाली, "काका, मी नाही."

हसण्याची लाट उठली. तितक्यात चौथ्या जागेवरून पडदा हलला आणि माझी मुलगी आपणहून बाहेर आली. टोपी एका डोळ्यावर घसरलेली. तिने बाईंचा हात ओढून माइक आपल्या तोंडापाशी आणला.

"बाई, मीच जागा बदलली. आधी मी तिकडे होते. बाबाने बरोबर ओळखलं होतं."

टाळ्या पडल्या. आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर माझाही विश्वास बसला. मी अगदी मनापासून सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, तरीच! मग माझी नजर खाली गेली. काळ्या झग्याखाली काळं नख होतं.

पुढचं मला नीट आठवत नाही. प्रमाणपत्र दिलं असावं, कारण फोटोत मी देतो आहे. डोक्यात एकच घोळ चालला होता. दोन महिन्यांपूर्वी बायको म्हणाली होती की ही जेवताना टेबलाखाली बूट काढून बसते, एकदा बघ. मी वर न बघता सांगितलं होतं की अकरा नंबर आहे, मी आणलेत, मी. आणले कसे होते? दुकान बंद करता करता फळीवरून खोका उचलला होता. आधीचे दहा होते म्हणून आता अकरा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. सगळ्या गावाची मुलं मी त्या स्टुलावर बसवली होती, तिला एकदाही नाही.

समारंभ संपला, सगळे अंगणात खाऊ घ्यायला गेले. बायको टबातून तिचे बूट घेऊन आली, माझ्या हातात दिले आणि बाहेर निघून गेली. मी मुलीला रिकाम्या वर्गातल्या बुटक्या टेबलावर बसवलं, समोर गुडघे टेकले आणि तिचा पाय हातात घेतला.

"हे चावतात का गं?"

"नाही."

अंगठा हलकेच दाबला. "इथे?"

"नाही."

"टाचेला?"

"नाही रे बाबा. छान आहेत. तू आणलेत ना."

प्रत्येक उत्तराआधी ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिथे जे लागतं ते शोधायची आणि मगच बोलायची. मी हसून पाहिलं, तिने नाही म्हटलं. माझा चेहरा पडला, तर तिने आणखी घाईने नाही म्हटलं. कुठला चेहरा करावा म्हणजे ही खरं सांगेल, ते मला समजेना. असं किती दिवस चाललं होतं, तेही समजेना.

शेवटी मी मान खाली घातली, पार खाली, तिला माझे केस तेवढे दिसतील अशी. पाय तसाच दोन्ही तळहातांत धरून ठेवला.

"आता सांग," मी म्हणालो.

 बाहेर बाई मुलांना रांगेत उभं करत होत्या. माझ्या हातातली तिची बोटं हळूहळू सैल झाली.

"दुखतं," ती म्हणाली. "खूप दिवस झाले."