ग्लेनिसच्या रेघा

उजव्या बाजूचा दांडा सापडत नव्हता.

अपघातानंतर गाडीचे सुटे झालेले भाग दोन खोक्यांत भरून आणले होते. दोन्ही खोकी मी गॅरेजच्या फरशीवर उपडी केली. चाक वळवणारा डावीकडचा दांडा गाडीलाच होता. उजवीकडचा कुठेच नाही. आणि मला तोच हवा होता. जूनमध्ये लिंकनशायरच्या ट्रॅकवर, उतारावरच्या वळणाला, माझं उजवं चाक स्टिअरिंगचं ऐकेनासं झालं. गाडीचं नाक टायरांच्या भिंतीत गेलं आणि माझं मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या.

क्लबातले म्हणाले, केनचं वय झालं, बायको जाऊन सात महिने, लक्ष नसणार. मला ते पटलं नाही. शर्यतीच्या आदल्या शनिवारी पुढची दोन्ही चाकं, त्यांच्या दांड्यांसकट, मॅल्कमने उघडली होती.

मॅल्कम माझा तीस वर्षांचा मित्र. बायको होती तोवर ते काम तिचं, ग्लेनिसचं असायचं. मी गाडी चालवायचो, ती नट आवळायची. ठरलेल्या जोराला टक् वाजणारा पाना तिच्याच हातात. नट आवळून झाला की त्यावरून खालच्या लोखंडापर्यंत नेलपॉलिशची एक लाल रेघ. रेघ सलग दिसली की नट हललेला नाही. नट पुन्हा उघडला तर जुनी रेघ पुसायची, आवळायचा, मग नवी ओढायची. सगळ्यांची हीच पद्धत, फक्त रंग ज्याचा त्याचा.

"उजवा दांडा खोक्यांत नाही, मॅल," मी म्हणालो.

"भंगारात गेला असेल."

"कुणी टाकला?"

"मला काय विचारतोस? तू इस्पितळात लोळत होतास. मी एकटा वाकून वाकून तुकडे वेचले. आभार मान की लेका!"

तो हसला, पण माझ्याकडे न बघता. महिनाभर हे असंच चाललं होतं. न बोलावता रोज सकाळी हजर. आणि मी पुढच्या चाकाशी बसलो की म्हणायचा, "तू मागचं बघ, तुझं मनगट कच्चं आहे."

माझी मेव्हणी ऑड्री शेजारीच राहते. चहा घेऊन आली तेव्हा तिने मॅल्कमच्या व्हॅनकडे बघत विचारलं, "याला तू बोलावतोस का रे?"

"नाही."

"माझा नवरा एकदा असाच न सांगता भांडी घासायला लागला होता. माझी गाडी कुंपणावर घातली होती त्याने."

दुपारी मॅल्कम पत्रा आणायला गेला आणि मी गाडीखाली शिरलो. डाव्या दांड्याचा नट जागेवर होता. ग्लेनिसची रेघ नटावरून खालपर्यंत सलग. बघून बरं वाटलं. तरी पाना लावला.

नट फिरला. काही जोर न लावता फिरला. पूर्ण एक फेरा झाला, रेघ पुन्हा रेघेला येऊन भिडली, तेव्हा कुठे पान्याने टक् केलं.

मॅल्कम परतला तेव्हा मी पाना हातात घेऊन दारातच उभा होतो.

"डावा नट तू आवळला नव्हतास."

त्याने पत्रा खाली ठेवला, व्हॅनमधून चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि माझ्या हातात दिलं. उजवा दांडा. टोकाचे आटे नव्यासारखे. काही तुटलं नव्हतं. नट सुटत सुटत निघून गेला होता.

"दोन्ही नट बोटांनी लावले होते," तो म्हणाला. "तेवढ्यात तू इंजिन धरायला हाक मारलीस. परत येऊन टॉर्च मारला तर दोन्हीकडे रेघ जुळलेली. वाटलं, आवळलेत."

"जुनी रेघ न पुसता नट लावतं का कुणी? तीस वर्षं काय बघितलंस?"

"पुसायलाच निघालो होतो, केन. चिंधी होती हातात. माझ्यावर ओरडलं कोण?"

मला आठवलं. 'तिच्या रेघेला हात लावलास तर बघ,' असं मी म्हणालो होतो. शर्यतीच्या सकाळी टॉर्च घेऊन शेवटची पाहणीही मीच केली होती. एकेका रेघेवर समाधान मानत.

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझ्यामुळे झालं म्हणून, की तिच्या रेघेमुळे? दोन्ही तोंडातून निघेना."

मी घरात जाऊन ग्लेनिसच्या खणातून दोन बाटल्या आणल्या, पॉलिश काढायची आणि पॉलिशची. डावा नट सैल केला आणि कापसाने रेघ पुसली. वेळ लागला. मग पाना मॅल्कमला दिला.

टक्.

"परत," मी म्हणालो.

त्याने पाना पुन्हा बसवला. परत आवळला. टक्.

मी नवी रेघ ओढली. कच्च्या मनगटाने रेघ वाकडी गेली.

"तिची सरळ यायची," मॅल्कम म्हणाला.

"गप बस आणि दुसरी बाजू घे."

तो नवा दांडा घेऊन पलीकडे गेला. मीही उठलो आणि टक् ऐकायला कान देऊन त्याच्या डोक्याशी उभा राहिलो.