कासवाचे दोनशे जीबी

चिमटी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची आणि उरलेल्या वेळात घरभर तारा पसरायची. केसांत कायम चिमटा खोचलेला, म्हणून चिमटी. तिने घरच्या घरी एक पेटी तयार केली होती. पंजाएवढा कॉम्प्युटर, छोटा पडदा, एक जुनी डिस्क आणि एक कॅमेरा, सगळं पावाच्या डब्यात बसवलेलं. ही पेटी वर्षभर एकच काम करत होती. मामाच्या कासवाकडे बघत होती.

मामा जहाजावर आचारी. कासवाला जहाजावर नेता यावं म्हणून त्याने तीनदा अर्ज केला होता, त्यातला एक कासवाला सहायक आचारी म्हणून नेमावं यासाठी. तिन्ही फेटाळले गेले. आज चारला टॅक्सी येणार, साडेचारला बंदराचं फाटक बंद होणार, आणि पुढचे आठ महिने नुसतं पाणी. तेव्हा कासव नाही तर निदान त्याचं वर्षभराचं चित्रण तरी हवं. दोनशे जीबी.

"किती वेळ लागेल गं?" मामाने जेवतानाच विचारलं होतं.

"वायरच्या पाकिटावर छापलंय, सेकंदाला पाच गिगाबिट. म्हणजे साडेपाच मिनिटं. तू दहा धर. जेव निवांत."

मामा निवांत जेवला. निवांत बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. तीन वाजून दहा मिनिटांनी चिमटीने नवी डिस्क जोडली, कॉपी सुरू केली आणि पडद्याकडे बघून तिचा चेहरा कवळी काढल्यासारखा आत गेला.

सेकंदाला सतरा एमबी. शिल्लक वेळ सव्वातीन तास.

"पाकिटावर तर..." मामा म्हणाला.

"पाकिटावरचा वेग पाकिटासाठी असतो, मेव्हणे," बाबा सोफ्यावरून म्हणाले.

"मामा, झोपलेलं गाळू का? वेळ वाचेल."

"गाळून उरेल किती?"

चिमटीने हिशेब केला. "चार मिनिटं."

"मंगळवारची झोप वेगळी, गुरुवारची वेगळी! तुला दिसत नाही, तर तो त्याचा दोष?"

चिमटीने पेटी उलटी केली आणि कपाळावर हात मारला. दोन्ही डिस्का तिने काळ्या खाचांत खुपसल्या होत्या. त्या खाचा जुन्या, मंद, आणि दोघींचा रस्ता एकच. एकीतून चित्रण आत येतंय, दुसरीकडे बाहेर जातंय, नुसती धक्काबुक्की. शेजारच्या दोन निळ्या खाचा मोकळ्या होत्या. तिने डिस्का तिकडे लावल्या.

"नव्वद!" बाबा सोफ्यावर उभे राहिले. "नव्वद एमबी! पस्तीस मिनिटं!"

मामाने बाबांना मिठी मारली. गेल्या वीस वर्षांत हे प्रथमच घडत होतं. पण पंधराच मिनिटांत आकडा घसरला. साठ, चाळीस, वीस.

"तापली," चिमटी डिस्कवर बोट ठेवून ओरडली. "आई, काहीतरी गार!"

आईने फ्रीजरमधून मटारची पिशवी आणली, तिच्यावर कोरडा टॉवेल घातला आणि डिस्क त्यावर निजवली. आकडा साठावर चढला. बाबा दर मिनिटाला आकडा पुकारू लागले. आई वहीने वारा घालू लागली. मामा कासवाला उचलून पडद्यासमोर धरू लागला, "बघ रे, तुझ्यासाठी चाललंय." कासवाने मान आत घेतली.

चारला टॅक्सीचा हॉर्न वाजला. एकतीस जीबी शिल्लक.

"तू जा, मी पुढे पाठवते," चिमटी म्हणाली.

"कुठे? समुद्र, मधला, असा पत्ता घालून?"

मग चिमटीने पेटी काखेत मारली, मटार गळ्यात अडकवले आणि घरातल्या चपलांनीच जिना उतरली. टॅक्सीतल्या मोबाइल चार्जिंगच्या खाचेत तिने पेटीची वायर लावली. पेटी पुन्हा जागी झाली आणि कॉपी थांबली होती तिथून सुरू झाली.

"सेकंदाला पंचवीस," ती म्हणाली. "एकवीस मिनिटं."

"बंदर वीस मिनिटांवर आहे," ड्रायव्हर म्हणाला. "बॉम्ब आहे का?"

"कासव आहे."

ड्रायव्हरने आरशातून तिघांकडे पाहिलं. मामा, चिमटी, मटार. "मग खड्डे चुकवतो," तो म्हणाला, आणि खरोखरच चुकवले. एका सिग्नलला हिरवा दिवा लागूनही तो हलेना. "अजून एक जीबी होऊ दे की," मागच्यांच्या हॉर्नमध्ये तो शांतपणे म्हणाला.

फाटकापाशी टॅक्सी थांबली तेव्हा नव्व्याण्णव टक्के झाले होते. आत एक अधिकारी घड्याळ दाखवत ओरडत होता. शंभर. चिमटी डिस्क उपटणार तेवढ्यात मामाने हात धरला.

"आधी उघडून बघ. रिकामी निघाली तर मी आठ महिने काय बघू?"

तिने मधलीच एक फाइल उघडली. पडद्यावर कासव. स्तब्ध. मामा बॅगेवर बसला. ड्रायव्हर खाली उतरून वाकला. अर्धं मिनिट गेलं.

"हलणार आता," ड्रायव्हर कुजबुजला.

"फाटक लावतोय मी!" अधिकारी तरातरा आला. "कळतंय का तुम्हाला? काय चाललंय हे?"

"श्श!" तिघंही म्हणाले.

अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहिलं. मग टोपी काढून काखेत धरली आणि चिमटीला म्हणाला, "जरा सरका ना तिकडे."