तुपाचा शिरा आणि दुधाळ रक्त

ढाणकीच्या बाजारपटांगणात सकाळीच गर्दी झाली होती. काढा देणाऱ्या महाराजांनी दोन काचनळ्या उंच धरल्या. दोन्हींत गावातल्या मारोतीभाऊंचं रक्त. कालच्या नळीत रक्त साकळून वर आलेला द्रव दुधासारखा पांढरा, आजच्या नळीत स्वच्छ.

"काल चरबी, आज गंगाजल. मधे फक्त वनदेवीचा काढा," महाराज म्हणाले. "डॉक्टरच्या गोळ्या नदीत सोडा."

मारोतीभाऊंनी हृदयाच्या गोळ्या आधीच सोडल्या होत्या. म्हणूनच त्यांच्या बायकोनं, मैनाबाईनं, मला पुसदहून बोलावलं होतं. तिथल्या कॉलेजात मी उंदरांना झाडपाल्याचे अर्क पाजून त्यांचं कोलेस्टेरॉल तपासते. असले बाबा पाहून पाहून कंटाळले होते, तरी आले.

"काल रक्त द्यायच्या आधी काय खाल्लं होतं?" मी भाऊंना विचारलं.

"परसाद. तुपाचा शिरा, पोटभर."

"आणि आज?"

"आज उपाशीच बोलावलं."

मला काय ते कळलं. उंदरांचं रक्त घ्यायचं तर आदल्या रात्रीच त्यांचं खाणं काढून घेतात, नाहीतर तेही असं दुधाळ दिसू शकतं.

त्या संध्याकाळी मैनाबाईनं शिरा खाल्ला, रात्री रक्त दिलं; नळी दुधाळ निघाली. मग काढ्याऐवजी ती नुसतं साधं पाणी प्यायली. सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त दिलं, तर तिचीही नळी स्वच्छ निघाली. मी ते लोकांना सांगितलं.

महाराज हसले. "माझ्या सावलीत बसली, गुण आला."

हेही मी पूर्वी ऐकलेलं. मग मी त्यांच्याच सावलीत बसून ताटभर शिरा खाल्ला, वर काढा प्याले. दुपारी सगळ्यांसमोर रक्त दिलं. थोड्या वेळानं वरचा द्रव दुधासारखा पांढरा.

"ही खाल्लेल्या तुपाची चरबी," मी म्हणाले. "उपाशी राहिलं की बहुतेकांची आपोआप जाते. कोलेस्टेरॉल असं डोळ्यांनी दिसत नाही."

"पण म्याडम, तुमच्या उंदरांचं तं अर्कानं कमी होते ना?" मागून कोणीतरी विचारलं.

"काही अर्कांनी होतं. शेजारी नुसतं पाणी पाजलेले उंदीर ठेवतो, म्हणून ते कळतं. माणसाचं होईल की नाही, मलाही ठाऊक नाही."

मारोतीभाऊ हळूच म्हणाले, "मंग मी गोळ्या काहून सोडल्या?"

मी दमले होते. इतकंच म्हणाले, "कोणी गुण दाखवला, तर औषध न घेतलेल्याचं काय झालं ते विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका."

काही लोक उठले. बरेच काढ्याच्या रांगेत बसून राहिले. मारोतीभाऊ मैनाबाईच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि सरकारी दवाखान्याकडे चालू लागले.