दुबईवाले

प्रकाशने खोक्यावर गुडघा रोवला आणि दोरी करकचून आवळली. शारजाच्या हमरिया बंदरातली वेल्डरची नोकरी संपली होती, व्हिसाही रद्द होणार होता. शारजातली खोली आवरायला मुलगी संपदा अमेरिकेहून आली होती, तीही ऐन प्रचार सोडून. तिकडच्या एका राज्याच्या विधानसभेत दोनदा निवडून आलेली ही पोर आता गव्हर्नरपदाला उभी होती.

दोरी बांधून झाल्यावर त्याने खोक्यावर मार्करने स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘दुबई’.

शारजात राहणारा माणूस गावाकडे दुबईच सांगतो. दुबई म्हटलं की बसायला खुर्ची पुढे येते. शारजा म्हटलं की लोक क्रिकेटचं विचारतात. संपदानेही दोन्ही निवडणुकांत दुबईच सांगितलं होतं, वर ‘वडिलांचा बिझनेस’ जोडून. आता विरोधकांनी प्रकाशचा निळ्या डांगरीतला फोटो शोधून टीव्हीवर लावला होता. हाच का तो बिझनेसमन, असं ते विचारत होते.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे तिचा प्रचार सांभाळणारा रुहान बोलत होता.

“मॅडम, सिंपल आहे. फोटोतले ते तुमचे वडील नाहीतच, एवढंच म्हणा. इथे कोण ओळखतंय त्यांना?”

प्रकाश बांधलेली गाठ पुन्हा बांधायला लागला.

“सांग तसं,” तो म्हणाला. “मी काय, खलास, चाललो गावाला, गुहागरला.”

संपदाने फोन बंद केला. तिला रुहानचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिने खुंटीवरची डांगरी काढली. बाहीवर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं होती.

“बाबा, ही घाला. व्हिडिओ करायचाय.”

“वेडी काय तू? हरशील.”

“हरले तर शारजाची म्हणून हरेन.”

त्याने डांगरी घातली, गळ्यापर्यंत बटणं लावली. तिने फोन समोर धरला. ती इंग्रजीत बोलली, दोन्ही निवडणुकांत आपण खोटं बोललो होतो हेही तिने सांगितलं. प्रकाशला सगळं कळलं नाही. ‘शारजा’ कळलं, ‘वेल्डर’ कळलं, ‘माय फादर’ कळलं. रुहानला न विचारता तिने व्हिडिओ इंटरनेटवर टाकला.

फोन वाजायला लागला. तिने तो उचलला नाही.

प्रकाशने खोकं जवळ ओढलं. ‘दुबई’वर अंगठा घासून पाहिला, शाई वाळली होती.

“मार्कर दे गो जरा,” तो म्हणाला.