ओल्या चुन्यावरचे पंजे

त्या रविवारी आमच्या चर्चच्या भिंतीवर एकोणचाळीस लाल पंजे उमटलेले होते, आणि त्यातला एक माझा होता.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. बिडकीनच्या पलीकडची आमची ख्रिस्ती वस्ती होतीच, शिवाय लासूर स्टेशनाकडून दोन गाड्या भरून माणसं आली होती. सगळ्यांच्या अंगावर धुतलेले पांढरे कपडे. बंधू यहोशवा तेलाची बाटली गदागदा हलवत ओरडत होता, "आत्मा हालू दे! आत्मा हालू दे!"

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला तेव्हा पाच वर्षं झाली होती. धामधुमीत पळालेली माणसं परत येऊन कुठे घरं सावरत होती, तोच हा फिरता उपदेशक आला आणि म्हणाला, आता सावरायचं कारण नाही. नाताळाआधीच्या रविवारी, सूर्य मावळताना, प्रभू येणार आणि तयार असलेल्यांना वर स्वर्गात नेणार.

प्रभू परत येणार हे आम्ही लहानपणापासून मानत आलो होतो. नाताळाआधीचे चार रविवार आम्ही त्या आगमनाचे म्हणूनच पाळतो. नवी होती ती फक्त तारीख. आणि पंजे.

आमच्या चर्चची एक रीत होती. नाताळाआधी भिंतीला चुना द्यायचा, पण मजुराकडून नाही. प्रत्येक घराचा भिंतीवर आपापला पट्टा असे, तो त्या घरानंच रंगवायचा. यहोशवानं ते पाहिलं आणि परीक्षा काढली. पट्ट्यावर पाणी शिंपडायचं, तळहाताला त्याचं पवित्र तेल लावायचं, पंजा टेकायचा. पंजा लाल उठला तर कोकऱ्याच्या, म्हणजे प्रभूच्या, रक्ताचा शिक्का पडला, तुम्ही तयार आहात. पिवळाच राहिला तर मागे राहणार.

पिवळा राहिला फक्त फकिराच्या घरचा. तो, त्याची बायको आवडाबाई आणि म्हातारी आई आठ दिवस बाहेर लिंबाखाली बसून होती. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं.

यहोशवाचा मुक्काम रोज नव्या घरी. "रविवारनंतर कोंबड्या कुणाच्या कामाच्या?" असं म्हणून तो रोज एक खायचा. बायकांच्या पायातली चांदीही त्याच्या पेटीत गेली, ती जड चांदी घालून वर कसं जाणार म्हणून.

मी एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. त्या पहाटे मला कळा सुरू झाल्या.

बिडकीनच्या दवाखान्यातल्या दीनाबाई नर्सनं पंधरा दिवस आधी माझं पोट चाचपून सांगितलं होतं, "मूल आडवं आहे. कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, नाहीतर दोघंही जातील."

पण यहोशवानं शनिवारी रात्रीच सगळ्यांना चर्चमध्ये बसवून बजावलं होतं, रविवारचा सूर्य मावळेपर्यंत जो चर्चचा उंबरा ओलांडेल त्याचा शिक्का पुसला जाईल.

"आत्याबाई, सोसवत नाय," मी सासूला म्हटलं.

सासूचं नाव साळूबाई. दुष्ट नव्हती ती. माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "जरा दम धर, पोरी. दिस मावळला की कळाच राहनार नाय. आता भाईर गेलीस तर कायमची मागं ऱ्हाशील गं."

माझा नवरा शांतवन एकदा दाराकडे बघायचा, एकदा भिंतीवरच्या आमच्या तीन पंज्यांकडे. त्याला हलता येत नव्हतं.

दुपारी एकच्या सुमाराला दीनाबाई आल्या. चार मैल चालत, हातात बॅग. चर्चमधल्या या बैठकीचं कुणीतरी बाजारात बोललेलं त्यांच्या कानावर गेलं होतं. दारातूनच त्यांनी मला पाहिलं.

"शांतवन, गाडी जोड. तीनची शहराची मोटार गाठायची आहे."

"बाई, शिक्का..." तो पुटपुटला.

"भगिनी!" यहोशवा मध्ये आला. "वर जाताना नळ्या अन् सुया चालत नाहीत. गर्भातल्या लेकराला स्वर्गीय दूत हातावर झेलतील!"

"दूतांनी बाळंतपणं केलेली मी अजून पाहिली नाहीत," दीनाबाई म्हणाल्या.

लोक खवळले. एक म्हातारा ओरडला, "भिंत दिसत नाय व्हय तुला? आमी आमच्या हातानं टेकलेत पंजे!"

मला जोराची कळ आली. दीनाबाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. मला ओढून नेलं तर ही माणसं दार अडवतील, हे त्यांना कळलं असावं. त्या भिंतीजवळ गेल्या, पंजे बघत शेवटपर्यंत गेल्या आणि फकिराच्या पट्ट्यापाशी थांबल्या.

"फकिरा!" त्यांनी बाहेर हाक मारली. "तुमच्या पट्ट्याला काय लावलंय? हा चुना नाही."

फकिरा दारापर्यंतच आला. "नाय जी. यंदा चुना सरला व्हता. ओढ्याची पांढरी माती फासली."

"आत ये."

"शापित आहे तो!" यहोशवा किंचाळला.

"मग घाबरता कशाला? याच बाटलीतलं तेल, याचाच हात." त्यांनी बाटली यहोशवाच्या हातून जवळजवळ हिसकावलीच. फकिराच्या तळव्यावर तेल ओतलं, आमच्या घरच्या पट्ट्यावर पाणी शिंपडलं आणि त्याचा हात दाबून धरला.

हात उचलला. पंजा लाल.

मागची माणसं टाचा उंचावून भिंतीकडे बघू लागली.

"आता शांतवन, तू. फकिराच्या मातीवर."

शांतवननं पंजा टेकला. पिवळा.

"म्हंजी... माझा शिक्का गेला?" तो रडवेला झाला.

"अरे, तुझा नव्हताच तो. चुन्याचा होता!" त्यांनी बाटली उजेडात धरली. हलवायची थांबली तशी तळाशी पिवळी भुकटी बसत चालली होती. "करडईचं तेल आणि हळद. म्हणून हा सारखा आत्मा हलवतो! तंबाखूची डबी आहे का कुणाकडे?"

मघाचाच म्हातारा पुढे आला. दीनाबाईंनी त्याच्या डबीतला चुना आपल्या पांढऱ्या पदरावर घेतला, त्यावर बाटलीच्या तळाचं बोटभर चोळलं. पदर लाल झाला.

"सैतानी विद्या!" यहोशवा म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

तेवढ्यात माझी सासू उठली. "सैतानी कशाची रं? हळदीचा डाग साबणानं धुतला की असाच लाल व्हतो. जलमभर धुनं धुतलं म्या. रोज बघते अन् इथं येऊन आंधळी झाले." ती शांतवनकडे वळली. "बघतोस काय? बैल आन!"

तिनंच मला उचलून उंबऱ्याबाहेर नेलं. मागे बायका यहोशवाच्या पेटीभोवती जमल्या होत्या. यहोशवाचं पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही.

मोटार आम्ही जेमतेम गाठली. शहरात डॉक्टरांनी पोट उघडून मूल काढलं. मुलगी. सूर्य मावळून तासभर झाला होता. डॉक्टर दीनाबाईंना म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं.

नंतर मी दीनाबाईंना विचारलं, "बाई, तुमचा प्रभूच्या येण्यावर विश्वास नाही?"

"आहे ना," त्या म्हणाल्या. "पण दिवस कुणालाच ठाऊक नाही असं त्यानंच सांगून ठेवलंय. तो आला तेव्हा मी तुझ्या उशाशी असले, तर मला लाज वाटणार नाही. दार लावून बसले असते तर वाटली असती."

आज मी नव्वदीला टेकले. मीही वाट बघते, रोज बघते. माझ्या धर्माचे असोत की दुसऱ्या धर्माचे, मी सगळ्यांना हात जोडून एवढंच सांगते: कुणी चमत्कार दाखवला, तर त्याच्याच वस्तूंनी तो दुसऱ्या हातून, दुसऱ्या भिंतीवर करून बघा. खऱ्या देवाला त्यानं राग येत नाही. आणि घरात कुणाला कळा लागल्या, ताप चढला, तर आधी गाडी जोडा. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. माझ्या सासूनं ती बिडकीनपासून शहरापर्यंत एक क्षण न थांबता केली.